केबल गेली, वर्गणी राहिली

‘आम्ही केबल केव्हाच बंद केली’ हे वाक्य हल्ली अभिमानाने सांगितलं जातं. पूर्वी ‘आमच्याकडे टीव्हीच नाही’ म्हणणारे लोक असत. त्यांना पुस्तकं वाचायची असत, किंवा निदान वाचतो असं दाखवायचं असे. आताच्या वाक्यात तसा काही वैचारिक आव नाही, साधा हिशेब आहे. महिन्याला चारशे-पाचशे रुपये भरून दोनशे वाहिन्या घ्यायच्या, त्यातल्या सहा बघायच्या आणि त्या सहांवरही अर्धा वेळ साबण आणि गुटख्याच्या जाहिराती सोसायच्या. त्यापेक्षा हातात फोन आहे, फोनमध्ये डेटा आहे, डेटावर ॲप आहे. केबलवाल्याला रामराम.

निर्णय बरोबर आहे, हिशेब मात्र चुकलेला आहे. केबल सोडून आपण ज्याला स्वस्त पर्याय म्हणतो, ते जुनंच बिल आहे. फक्त त्याचे तुकडे करून ते घरातल्या प्रत्येकाच्या खिशात एकेक टाकलं आहे. आणि महिन्याला शून्य रुपये लागणारा, खरोखर स्वस्त असा पर्याय रोज आपल्या डोक्यावरून जातो आहे. तो ‘आपल्यासारख्यांचा’ नाही अशी समजूत असल्यामुळे आपण मान वर करून बघत नाही.

केबलने स्वतःचं मरण ओढवून घेतलं

आधी केबलबद्दल. तिच्यासाठी गळा काढायची गरज नाही. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या इमारतींमध्ये एक व्हीसीआर, एक गच्ची आणि या गच्चीवरून त्या गच्चीवर टाकलेली वायर एवढ्यावर हा धंदा उभा राहिला. १९९१ मध्ये आखाती युद्ध उपग्रहावरून दिसलं, १९९२ मध्ये झी टीव्ही आला आणि गल्लीतल्या वायरवाल्याचा ‘केबल ऑपरेटर’ झाला. त्याला कायदा लागू झाला तो १९९५ मध्ये. तोवर एरिया ठरलेले होते. एका एरियात एक केबलवाला. दुसरा घ्यायचा तर घर बदलायचं.

मग सेट-टॉप बॉक्स आला. मुंबईत २०१२ च्या शेवटी, पुणे-नागपूर-नाशिकसारख्या शहरांत २०१३ मध्ये. सांगितलं काय, तर आता जे बघाल त्याचेच पैसे द्या. प्रत्यक्षात १ फेब्रुवारी २०१९ पासून जी नवी पद्धत आली, तिच्यात पहिल्या शंभर वाहिन्या घरी पोचवण्याचंच शुल्क १३० रुपयांपर्यंत होतं. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. म्हणजे एकही पैशाची वाहिनी न घेता, फुकटच्या वाहिन्या बघण्यासाठीसुद्धा दीडशे रुपये. त्यावर मराठी मालिकांचे वेगळे, क्रिकेटचे वेगळे. एकेक वाहिनी सुटी घेता येते असं कागदावर होतं, पण सुटीची किंमत अशी ठेवली की माणूस गपगुमान ‘पॅक’ घेईल. पॅकमध्ये टाकायच्या वाहिनीची कमाल किंमत आधी १९ रुपये, मग ट्रायने ती १२ वर आणली, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात कंपन्यांच्या रेट्यापुढे ती पुन्हा १९ झाली. २०२४ च्या जुलैत पोचवण्याच्या शुल्कावरची मर्यादाही काढून टाकली.

अशा धंद्याला गिऱ्हाईक सोडून गेलं तर दोष गिऱ्हाइकाचा नाही. पण गिऱ्हाईक गेलं कुठे, हे बघू.

एका घराचं बिल, आता चार खिशांत

केबलचं एक वैशिष्ट्य आपण कधी मोजलंच नाही. कनेक्शन घराला असायचं, माणसाला नाही. घरात दोन माणसं असोत की नऊ, बिल एकच. पाहुणे आले, शेजारच्या काकू मालिका बघायला आल्या, मॅचला अख्खा मजला जमला, तरी बिल तेवढंच.

फोनचं तसं नाही. फोन माणसाला असतो. दिवसाला दीड जीबी देणारा २८ दिवसांचा रिचार्ज २०२४ च्या जुलैत २९९ रुपयांवर गेला. यात ‘महिना’ नाही, २८ दिवस आहेत. म्हणून वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. तेरा गुणिले २९९ म्हणजे ३,८८७ रुपये. हे एका माणसाचे. चौघांचं घर असेल तर साडेपंधरा हजार.

‘पण फोन तर लागतोच, तो रिचार्ज टीव्हीच्या खात्यात कशाला टाकता?’ रास्त प्रश्न आहे. सगळा टाकू नका. पण बोलायला आणि पैसे पाठवायला दिवसाला दीड जीबी लागत नाही. ती लागते बघायला. आणि बघायला ती पुरतही नाही, कारण एचडी चित्र तासाला दोन-तीन जीबी सहज खातं. मॅचची पहिली इनिंग संपायच्या आत ‘आपला आजचा डेटा संपला आहे’ असा मेसेज येतो आणि आपण टॉप-अप मारतो. हा टॉप-अप कुणी टीव्हीच्या खर्चात लिहीत नाही. घरी वायफाय घेतलं तर त्याचं बिल वेगळं. तेही ‘इंटरनेट’ म्हणून लिहिलं जातं, ‘टीव्ही’ म्हणून नाही. त्यामुळे टीव्हीचा खर्च शून्य झाल्यासारखा वाटतो.

त्यावर ॲप. नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा प्लॅन फक्त मोबाइलवर आणि एका वेळी एकाच ठिकाणी चालतो. जिओहॉटस्टारचा २०२५ मध्ये आलेला सगळ्यात स्वस्त प्लॅनही मोबाइलचाच, तीन महिन्यांना १४९. दोन्ही आकडे लहान दिसतात, आणि तेच त्यांचं काम आहे. हे आकडे एका माणसाचे आहेत आणि एका हातातल्या पडद्याचे आहेत. तेच चित्र भिंतीवरच्या टीव्हीवर, चौघांनी मिळून बघायचं म्हटलं की आकडा बदलतो. एकत्र बघणं हीच आता महागडी सोय झाली आहे.

फुकट, मग सवय, मग बिल

आता कुणी म्हणेल, ॲपवर निदान जाहिराती नाहीत आणि हवं तेव्हा बंद करता येतं. या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. होत्या.

ॲमेझॉन प्राइम २०१६ मध्ये आपल्याकडे आलं तेव्हा वर्षाला ४९९ रुपये होते. मग ९९९ झाले. २०२१ च्या डिसेंबरात १,४९९. आणि १७ जून २०२५ पासून त्याच १,४९९ मध्ये जाहिराती दिसू लागल्या. जाहिराती नको असतील तर वर्षाला आणखी ६९९. केबलबद्दल आपली तक्रार काय होती? पैसे घेता आणि वर जाहिरातीही दाखवता. नऊ वर्षांत आपण जिथून निघालो तिथेच येऊन उभे राहिलो, फक्त आता हातात रिमोटऐवजी फोन आहे.

नेटफ्लिक्सने एकेकाळी मित्रांनी पासवर्ड वाटून घेतलेला चालवून घेतला. २०२३ च्या जुलैत भारतात तो बंद केला.

आणि क्रिकेट. २०२३ ची आयपीएल जिओसिनेमावर फुकट होती. अख्ख्या देशाने फोनवर बघितली. अनेक घरांत केबल त्याच वर्षी सुटली, कारण केबल धरून ठेवण्याचं शेवटचं कारण क्रिकेट होतं. फुकट देणारी कंपनी दानधर्म करत नव्हती. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएलचे हक्क एकूण ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले होते. टीव्हीचे एका कंपनीला, डिजिटलचे दुसऱ्या कंपनीला. दोघांची स्पर्धा होती तोवर प्रेक्षकाची चंगळ होती. २०२४ च्या नोव्हेंबरात दोन्ही उद्योग एकत्र झाले. २०२५ च्या फेब्रुवारीत दोन्ही ॲप्सचं एक ॲप झालं, आणि त्या मार्चमध्ये सुरू झालेली आयपीएल बघायला वर्गणी लागली, किंवा ठरावीक रकमेचा रिचार्ज. एव्हाना वायर कापलेली होती, डिश भंगारात गेली होती. जायला दुसरी जागा नव्हती.

यात कट वगैरे काही शोधायला नको. धंदा असाच चालतो. केबलवाल्यानेही पहिले तीन महिने फुकटच दिले होते. माझं भांडण एवढंच आहे की, आपण याला ‘सुटका’ म्हणतो.

ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

आता ज्या खर्चाला रुपयाचं चिन्ह लावता येत नाही, त्याबद्दल.

केबल बंद करायचा निर्णय घरात कोण घेतं? बहुधा पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी. जे टीव्ही बघत नाहीत ते. आणि टीव्ही बघतं कोण? आई, बाबा, आजी, दुपारी भांडी घासून झाल्यावर दहा मिनिटं टेकणाऱ्या मावशी. यांना कुणी विचारत नाही. ‘तुझी मालिका ॲपवर आहे गं आई, तिथे केव्हाही बघता येते.’ केव्हाही बघता येते, हे खरं. कशी, ते सांगायला मुलगा घरी नसतो.

रिमोटला दोन बटणं माहीत असली की टीव्ही लागायचा. स्मार्ट टीव्हीला आधी वायफाय लागतं, मग ॲप उघडायचं, मग ‘कोण बघत आहे?’ असा प्रश्न येतो, मग कधीतरी आपोआप लॉगआउट होतं आणि तो पुन्हा नंबर मागतो. नंबर मुलाचा. ओटीपी जातो बंगळुरूला किंवा दुबईला, मुलाच्या फोनवर, आणि तो मीटिंगमध्ये असतो. सातारा किंवा लातूरमध्ये बसलेली आई साडेसात वाजता लागणारी मालिका बघण्यासाठी मुलाच्या मीटिंगची वाट बघते. मग एक दिवस ती म्हणते, ‘जाऊ दे, मला नाही फारसं आवडत टीव्ही बघायला.’ आणि आपण मित्रांना सांगतो, आईचीपण सवय सुटली.

सवय सुटली नाही. तिच्या हातातून रिमोट काढून घेतला. तिला विचारलंही नाही, आणि वाचलेले पैसे तिला दिलेही नाहीत.

एकत्र बघण्याचे गोडवे मी गाणार नाही. त्या एका टीव्हीवरून घराघरांत महाभारतं झाली आहेत, आणि रिमोट बहुतेक वेळा बाबांच्याच हातात असायचा. पण त्या भांडणात एक गोष्ट आपोआप होत होती. आजीला क्रिकेट कळायचं आणि नातवाला मराठी मालिकेतली नाती, टोमणे, सणवार कळायचे. घरातल्या मुलाच्या कानावर दिवसाला तासभर शाळेबाहेरचं मराठी पडायचं. आता चार फोन, चार इअरफोन. ॲप प्रत्येकाला त्याने काल बघितलं त्याच्यासारखंच आज देतं. ज्या मुलाने कधी मराठी लावलं नाही, त्याला ते मराठी सुचवणारही नाही.

छतावरचा पर्याय

मग काय, पुन्हा केबल घ्यायची? नाही.

डीडी फ्री डिश नावाची गोष्ट तुम्ही गावी बघितली असेल. २००४ च्या डिसेंबरात ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने प्रसार भारतीने ती सुरू केली. एक छत्री, एक बॉक्स, दीड-दोन हजार रुपये एकदाच. छत्रीचं तोंड जीसॅट-१५ उपग्रहाकडे केलं की झालं. महिन्याचं बिल नाही, केवायसी नाही, ओटीपी नाही, ऑटोपे नाही. दूरदर्शनच्या वाहिन्या, सह्याद्री, बातम्या, सिनेमे, गाणी आणि खासगी वाहिन्या. खासगी वाहिन्या लिलावात बोली लावून तिथली जागा घेतात. पैसे वाहिनी भरते, प्रेक्षक भरत नाही.

हा पर्याय इतका चालला की बड्या कंपन्या घाबरल्या. स्टार, झी, सोनी आणि व्हायकॉम१८ या चौघांनी आपल्या जुन्या मालिका दाखवणाऱ्या हिंदी वाहिन्या तिथे ठेवल्या होत्या. १ एप्रिल २०२२ पासून चौघांनीही त्या एकदम काढून घेतल्या, कारण लोक पैशाचं कनेक्शन सोडून फुकटच्या छत्रीकडे जात होते. काही वाहिन्या पुढे परत आल्या, कारण एवढ्या घरांतला जाहिरातींचा बाजार सोडवत नाही. ज्या पर्यायाला चार बलाढ्य कंपन्या भितात, त्याला आपण ‘गरिबांचा टीव्ही’ म्हणून नाक मुरडतो. सोसायटीच्या गच्चीवर नेटवर्कचा टॉवर चालतो, छत्री लावली की ‘बिल्डिंगची शोभा जाते’.

क्रिकेटचंही बघा. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, हे चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावरच दाखवता येईल, केबलवर नाही. म्हणजे विश्वचषकातली भारताची मॅच छत्रीवाल्याला फुकट, आणि महिन्याला पाचशे भरणाऱ्या केबलवाल्याला पैसे मोजून. आयपीएल यात नाही, हेही खरं.

आता आक्षेप. पहिला, तिथे बघण्यासारखं काय आहे? कमी आहे, मान्य. मराठीत तर फारच कमी. सह्याद्री सोडली तर ‘फक्त मराठी’, ‘शेमारू मराठीबाणा’ अशा वाहिन्यांनी तिथून आपला प्रेक्षक कमावला, पण मराठीतल्या सगळ्यात जास्त बघितल्या जाणाऱ्या मालिका पैशांच्या भिंतीआडच राहिल्या. पण हा आक्षेप उलटाही वाचता येतो. जिथे मागणी करणारा, लिहिणारा-बोलणारा शहरी तरुण प्रेक्षकच नाही, तिथे वाहिन्या कुणासाठी येतील?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. दूरदर्शन सरकारचं ऐकतं. ऐकतंच. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, तो लागू व्हायला १९९७ उजाडलं, आणि त्यातली स्वायत्तता आजही बरीचशी कागदावरच आहे. पण मग खासगी वृत्तवाहिन्या पैसे घेऊन तुम्हाला स्वतंत्र बातम्या देतात का? आणि खासगी कंपनीला तुम्ही फार तर वर्गणी बंद करून धडा शिकवू शकता. सार्वजनिक संस्थेला प्रश्न विचारता येतो, माहिती अधिकाराचा अर्ज टाकता येतो, तिच्याबद्दल संसदेत विचारता येतं. ती आपली आहे म्हणून ती वाईट असल्याचा राग यायला हवा. आपण मात्र तिला सोडून देऊन मोकळे झालो.

तिसरा आक्षेप यूट्यूबचा. ‘मला यूट्यूब पुरतं.’ पुरत असेल. मराठीत तिथे आज उत्तम काम होतं आहे, यात वाद नाही. पण डेटा तिथेही जातो, जाहिराती तिथेही आहेत, आणि तिथे काय वर येईल हे कुठल्याही मराठी माणसाच्या हातात नाही. चौथ्या, टेलिग्रामवरून सिनेमे उतरवण्याच्या मार्गाबद्दल एवढंच म्हणतो की, मराठी सिनेमाला प्रेक्षक नाही म्हणून रडायचं आणि तोच सिनेमा ढापून बघायचा, हे दोन्ही एका तोंडाने करता येत नाही.

लहरी कुणाच्या?

१९९३ मध्ये हिरो कपच्या प्रक्षेपणावरून बंगालच्या क्रिकेट संघटनेचं आणि दूरदर्शनचं भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९५ च्या फेब्रुवारीत निकाल लागला. खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. निकालाचा गाभा असा की, आकाशातल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यांच्यावर ना सरकारची मक्तेदारी असावी, ना कुण्या खासगी धनिकाची. क्रिकेटच्या भांडणातून निघालेला हा निकाल आपण सरकारची मक्तेदारी मोडण्यासाठी पुरेपूर वापरला. त्याचं दुसरं अर्धं मात्र विसरलो.

ते अर्धं आता वापरायची वेळ आली आहे. मागण्या काही अवघड नाहीत. फ्री डिशच्या लिलावात मराठी वाहिन्यांसाठी काही जागा परवडणाऱ्या दरात राखून ठेवा. ‘चिमणराव’, ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ ज्या मुंबई केंद्रातून झाले, त्याचा संग्रह नीट लावून, शोधता येईल असा, लोकांसमोर फुकट ठेवा. प्रसार भारतीने २०२४ च्या नोव्हेंबरात गोव्याच्या चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ नावाचं ॲप सुरू केलं. त्यात मराठीला शोभेपुरती जागा नको, भरघोस द्या. आणि सोसायट्यांनो, गच्चीवरची एक छत्री सगळ्या मजल्यांना पुरते, अडवू नका.

तोवर घरात काय करायचं? केबल बंदच ठेवा. ऑटोपे आजच्या आज बंद करा, कारण विसराळूपणावरच हा धंदा चालतो. एका वेळी एकच ॲप घ्या, महिनाभर हवं ते बघून घ्या आणि बंद करा, पुढच्या महिन्यात दुसरं. ॲप घ्यायचंच तर टीव्हीवर चालणारं घ्या, चौघांना दिसेल असं. गावी आईबाबांची केबल बंद करायची असेल तर आधी छत्री बसवून द्या, मगच वायर कापा. आणि वर्षाअखेरीला डेटा, टॉप-अप, वायफाय, ॲप असं सगळं एका कागदावर, ‘टीव्ही’ या एकाच नावाखाली लिहा. घरातल्या सगळ्यांसमोर वाचा. आईला विचारा, यातलं तिने काय काय बघितलं.